विरळणी : ज्वारीच्या ताटापासून सागाच्या खोडापर्यंत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आपल्याच हाताने पेरलेले उपटायचे म्हटले की हात आखडतो. त्यामुळे विरळणीबद्दलचे बहुतेक प्रश्न ‘कशी करू’ यापेक्षा ‘नाही केली तर चालेल का’ असेच असतात. दोन्ही प्रकारच्या प्रश्नांची उत्तरे इथे आहेत. अंतरे आणि संख्या महाराष्ट्रातल्या जमिनी आणि पिके धरून दिल्या आहेत.

विरळणी म्हणजे नेमके काय? खुरपणी, छाटणी यांपेक्षा ती वेगळी कशी?

खुरपणीत परके काढतो, विरळणीत आपले. छाटणीत झाडाचा भाग जातो, विरळणीत अख्खे रोप, अख्खे झाड, अख्खा घड किंवा अख्खे फळ जाते. उरलेल्याला ऊन, पाणी आणि अन्न पुरेसे मिळावे एवढाच हेतू. नांग्या, म्हणजे न उगवलेल्या रिकाम्या जागा, भरणे ही याच कामाची दुसरी बाजू, आणि पेरणीच्या पिकात दोन्ही कामे एकाच फेरीत होतात.

उसातला जेठा, म्हणजे पहिला मुख्य, कोंब काढणे याला मात्र विरळणी म्हणू नये. तिथे फुटवे वाढवायचे असतात.

आधीच मोजून पेरले तर विरळणीची गरज काय?

मोजूनच पेरतो, पण जास्त मोजून. रब्बी ज्वारीचे बियाणे हेक्टरी १० किलो लागते. हजार दाण्यांचे वजन ३३ ग्रॅम धरले तर ते साधारण ३ लाख दाणे झाले. ४५ × १५ सेंमी अंतराने हेक्टरी झाडे हवीत १ लाख ४८ हजार. म्हणजे पेरताना दुप्पट टाकतो. काही दाणे उगवत नाहीत, काही पाखरे उचलतात, उगवलेल्यांपैकी काही खोडमाशी नेते. किती जातील हे पेरणीच्या दिवशी कळत नाही, म्हणून जादा पेरायचे आणि नुकसान कळल्यावर हिशोब जुळवायचा.

तिळात ही तफावत आणखी मोठी असते. हजार दाणे जेमतेम ३ ग्रॅम भरतात, त्यामुळे हेक्टरी अडीच किलो बियाण्यात आठ लाखांवर दाणे येतात. ३० × १५ सेंमीला झाडे लागतात २ लाख २२ हजार. वाळू किंवा चाळलेले शेणखत मिसळून पेरले तरी दाणे झुबक्याने पडतातच. विरळणी न केलेला तीळ उंच, काटकुळा आणि बिनफांद्यांचा होतो, बोंडे फक्त शेंड्याकडे लागतात.

विरळणी आपण केली नाही तर निसर्ग करतोच ना?

करतो. दाट रानात झाडे मोठी होत जातात तशी त्यांची संख्या आपोआप घटत जाते. क्योजी योदा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये या घटीचे गणितच मांडले होते. पण निसर्गाला घाई नसते. चार महिन्यांच्या पिकात झाड मरेपर्यंत त्याने शेजाऱ्याचे पाणी आणि नत्र खाल्लेले असते. शिवाय बहुतेक वेळा मरत कोणीच नाही, सगळी अर्धपोटी जगतात. ज्वारीत त्याचा अर्थ बारीक ताटे आणि चिमणीएवढी कणसे. कडबा भरपूर दिसतो म्हणून शेत चांगले वाटते, खळ्यात खरे काय ते कळते.

ज्वारी-बाजरीची विरळणी कधी आणि कशी करायची?

दोन हप्त्यांत. पहिली उगवणीनंतर १० ते १२ दिवसांनी, रोपे तीन-चार पानांवर असताना. या वेळी जागी दोन रोपे ठेवावीत. दुसरी आणखी आठ-दहा दिवसांनी, तेव्हा एकच ठेवायचे.

दोन हप्ते कशासाठी, तर खोडमाशीसाठी. ही माशी पहिल्या चार आठवड्यांत पानांच्या खालच्या बाजूला पांढरी अंडी घालते. अळी पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, शिरून वाढीचा कोंब कुरतडते आणि मधला पोंगा वाळतो. तो ओढला तर सहज हातात येतो आणि त्याला कुजका वास असतो. हीच पोंगेमर. पहिल्याच फेरीत एकेक रोप ठेवले आणि नंतर त्यातली पाचात एक पोंगेमर झाली, तर तुटवडा भरून काढायला काही उरत नाही. दुसऱ्या फेरीत पोंगेमर आधी काढावी, मग निरोगी रोपांतून निवड करावी. बाजरीत याच फेरीत केवड्याची, म्हणजे पिवळसर पट्टे पडून पानाखाली पांढरी बुरशी दिसणारी, रोपे काढून शेताबाहेर न्यावीत.

पद्धत साधी आहे. जमीन वापशावर, म्हणजे चिखल नाही पण ओल आहे अशी, हवी. कोरड्या, कडक रानात रोप उपटताना एक तर ते मधून तुटते, नाही तर शेजारच्याच्या मुळ्या हलवते. एका हाताची दोन बोटे ठेवायच्या रोपाच्या बुडाशी दाबून धरावीत आणि दुसऱ्या हाताने नको ते तिरपे ओढावे. दोन रोपे अगदी चिकटून असतील तर ओढू नये, नखाने किंवा खुरप्याच्या टोकाने जमिनीलगत खुडावे. खुडताना वाढीचा कोंब राहिला तर ते पुन्हा फुटते, म्हणून मातीत किंचित खालीच तोडावे.

जाड रोप ठेवायचे, उंच नव्हे. दाटीतले उंच रोप बहुधा उन्हासाठी ताणलेले असते.

कामाचा क्रम खुरपणी, मग विरळणी, मग खताचा हप्ता आणि शेवटी कोळपणी असा असावा. खत आधी दिले तर अर्धे उपटायच्या रोपांना जाते. बाजरीत पावसाची झड चालू असेल तर उपटलेली निरोगी रोपे लगेच नांग्यांत लावता येतात. ज्वारीचे लावलेले रोप मागे पडते, तिथे फार भरवसा ठेवू नये.

उपटलेली कोवळी ज्वारी जनावरांना घालावी का?

नाही. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचे द्रव्य असते. जनावराच्या पोटात त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. गावाकडे यालाच किरळ लागणे म्हणतात. जनावर धापा टाकते, तोंडाला फेस येतो, थरथरून खाली पडते. हे सारे काही मिनिटांतही होऊ शकते, तेव्हा शंका आली तरी पशुवैद्याला तातडीने बोलवावे. पाण्याचा ताण बसलेल्या आणि तोडल्यावर पुन्हा फुटलेल्या ज्वारीत हे विष जास्त असते, फुलोऱ्यानंतर कमी होत जाते. विरळणीची रोपे रानातच सरीत पसरून द्यावीत, आच्छादन होते. बांधावर ढीग घालू नये, मोकळी जनावरे तिथेच पोहोचतात. बाजरीच्या रोपांत हा धोका नसतो.

अंतर बरोबर पडले हे कसे तपासायचे?

ओळीचे १० मीटर मोजून त्यातली रोपे मोजा. १५ सेंमी अंतराला ६६-६७ भरली पाहिजेत. शेतात पाच ठिकाणी मोजून सरासरी काढा. बांधाजवळची ओळ धरू नका, ती नेहमी खोटे बोलते. ६० ते ७५ पर्यंत ठीक. ९० च्या वर असतील तर पुन्हा फेरी हवी. ५० च्या खाली असतील तर ओळीतल्या जोड्या तशाच राहू द्याव्यात. जिथे नांगी पडली आहे तिथे शेजारी दोन रोपे असलेली बरी.

सेंटिमीटर कोणी मोजत बसत नाही. मजुरांना १५ सेंमीची काडी तोडून द्यावी. वीत वापरायची असेल तर आधी ती मोजून घ्यावी. मोठ्या माणसाची वीत २० सेंमीच्या वर भरते आणि मग झाडे कमी पडतात.

पाऊस लांबला, पीक दीड महिन्याचे आहे. आता विरळणी करून उपयोग आहे का?

कोरडवाहू ज्वारी-बाजरीत आहे. ओल मर्यादित असेल तर खाणारी तोंडे कमी करायची. दर तिसरी ओळ काढणे हा त्यातला सरळ उपाय. उरलेल्या दोन ओळींना बाजूच्या पट्ट्यातली ओल मिळते. त्याबरोबर कोळपे चालवून भेगा बुजवाव्यात, तेवढेच बाष्पीभवन कमी होते. हे पीक दुपारी माना टाकू लागले की करायचे. पाने करपल्यावर करून काही वाचत नाही. काढलेल्या ओळीची ज्वारी ताण बसलेली असते, म्हणून वर सांगितलेला किरळीचा धोका इथे अधिक. ती चांगली वाळवल्याशिवाय दावणीला आणू नये.

मका, कापूस आणि तीळ यांचे काय?

मक्यात ६० × २० सेंमीवर टोकण करून जागी दोन दाणे टाकले असतील तर आठ-दहा दिवसांत एक रोप ठेवावे. हेक्टरी ८३ हजार झाडे बसतात. जोडीने वाढलेल्या मक्यात एकाचे कणीस भरते आणि दुसरे वांझ राहते, तरी दुसरे खायचे थांबत नाही.

कापसाचे संकरित बियाणे महाग असल्याने आता बहुतेक ठिकाणी एकच बी टोकतात, तेव्हा विरळणीपेक्षा नांग्यांचाच प्रश्न असतो. पेरणीच्याच दिवशी थोडे बी पिशव्यांत लावून ठेवावे आणि दहा दिवसांच्या आत नांग्या भराव्यात. त्यानंतर लावलेले रोप मोठ्यांच्या सावलीत राहते. जिथे दोन बिया टाकल्या तिथे १५ दिवसांच्या आसपास कमजोर रोप कात्रीने कापावे. कापसाचे सोटमूळ या वयात खोल गेलेले असते, उपटताना दोघांचेही नुकसान होते.

तिळात पहिली विरळणी आठव्या दिवशी, दुसरी १५ ते २० दिवसांत. तिसऱ्या आठवड्यानंतर केली तर उरलेली झाडे आधीच उंचावलेली असतात, खालून फांद्या फुटत नाहीत.

गाजर, मुळा, बीट : रोपे काढायची की मोठी होऊ द्यायची?

मुळाचा आकार जागेवर ठरतो, त्यामुळे इथे विरळणी टाळली की पीकच टाळल्यासारखे. गाजर आणि मुळ्यात रोपारोपांत ७ ते ८ सेंमी ठेवावे, बीटात १०. गाजराची पहिली विरळणी रोप बोटभर झाल्यावर करावी. त्याआधी ते इतके नाजूक असते की कोणते धरले हेच कळत नाही.

बीटाचे एक ‘बी’ म्हणजे खरे तर फळांचा गुच्छ. त्यातून दोन ते चार रोपे एकाच ठिपक्यातून येतात. कितीही अंतरावर लावले तरी विरळणी सुटत नाही. काढलेल्या कोवळ्या बीटाची आणि मुळ्याची पाने भाजीला चालतात.

गाजराला दोन-तीन पाय फुटले की दोष दाटीवर ढकलला जातो. दाटीने गाजरे बारीक राहतात आणि एकमेकांभोवती पिळतात. फाटे फुटण्याची नेहमीची कारणे मात्र न कुजलेले शेणखत, खडे आणि कडक जमीन ही आहेत.

कोणत्या पिकांत विरळणी करूच नये?

भुईमूग, सोयाबीन, गहू, हरभरा, मेथी, कोथिंबीर. मजुरी निघत नाही. सोयाबीनमध्ये ४५ × ५ सेंमीचे गणित पेरणी यंत्रावर आणि उगवण चाचणीवरच सोडवायचे असते.

पपईच्या एका खड्ड्यात तीन रोपे लावली आहेत. कोणते ठेवायचे?

वाण कोणता यावर अवलंबून आहे. नर आणि मादी झाडे वेगळी असणाऱ्या जुन्या वाणांत फुले दिसेपर्यंत थांबावे लागते. लांब लोंबत्या देठावर झुपक्याने लहान फुले आली तर नर, खोडालगत एकटे-दुकटे जाड फूल आले तर मादी. दहा माद्यांमागे एक नर ठेवायचा आणि तो बागभर विखुरलेला हवा, एका कोपऱ्यात नको. बाकीची जमिनीलगत कापावीत. उपटल्यास ठेवलेल्याची मुळे उघडी पडतात आणि पपईला मूळकूज लागायला निमित्तच हवे असते.

तैवान ७८६ सारख्या वाणात मादी आणि उभयलिंगी अशी दोनच प्रकारची झाडे येतात. तिथे नर ठेवण्याचा प्रश्न नाही. बाजाराला लांबट फळ हवे असते, ते उभयलिंगी झाडाचे.

द्राक्षवेलीवर किती घड ठेवावेत?

निर्यातीच्या मालासाठी दीड चौरस फुटाला एक घड हे प्रमाण धरून चालावे. वेलींमधले अंतर ९ × ५ फूट असेल तर वेलीला ४५ चौरस फूट मिळतात, म्हणजे ३० घड. एकरी ९६८ वेली. घड ३५० ते ४०० ग्रॅमचा धरला तर वेलीला साडेदहा ते बारा किलो आणि एकरी दहा ते साडेअकरा टन. स्थानिक बाजारासाठी चौरस फुटाला एकपर्यंत जाता येते. त्यापुढे वजन वाढते पण गोडी चढत नाही. काढणी लांबते आणि पुढच्या हंगामाच्या काड्याही कमजोर निघतात.

सुरुवात घडांपासून होत नाही. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर फुटी पाच-सहा पानांच्या झाल्या, घड दिसू लागले, की आधी फेलफुटी, म्हणजे घड नसलेल्या फुटी, काढायच्या. मग एका काडीवर दोन घड असतील तर एक. आखूड, बारीक काडीवरचा घड काढावा. जवळपास दहा निरोगी पाने नसलेली काडी एक घडही नीट पोसू शकत नाही. तारेला, ओलांड्याला (वेलीच्या आडव्या फांदीला) घासणारे आणि दुसऱ्या घडावर टेकलेले घड नंतर त्रासच देतात, ते याच फेरीत जाऊ द्यावेत. फूट जितकी लहान असताना काढाल तितकी वेलीची कमी शक्ती वाया जाते. महिन्याने कात्री लावणे म्हणजे पोसून मग कापणे.

मण्यांची विरळणी हाताने कशी करतात?

मणी बाजरीएवढे असताना सुरू करून ज्वारीएवढे होईपर्यंत संपवावी. हरभऱ्याएवढे झाले की कात्री आत जात नाही आणि टोचलेले मणी सडतात.

घडाच्या मुख्य देठाला जिथून फांद्या फुटतात त्यांना पाकळ्या म्हणतात. वरच्या तीन-चार पाकळ्या ठेवायच्या, मधल्या एकाआड एक काढायच्या, शेंडा खुडायचा. शेवटी आठ-दहा पाकळ्या राहतात. मग वाकडे, आत वळलेले आणि बारीक राहिलेले मणी काढावेत. थॉम्पसन या वाणाच्या घडात ९० ते १०० मणी राहिले आणि प्रत्येक साडेचार ग्रॅमचा झाला तर ४०० ग्रॅमचा घड होतो. मजुराला संख्या सांगून भागत नाही, एक घड मोजून तयार करावा आणि रांगेच्या सुरुवातीला नमुना म्हणून दाखवावा. दर तासाला एखादा घड मोजून पाहावा, कारण दुपारनंतर हात सैल पडतो आणि घडांत दीडशे मणी सापडू लागतात.

कात्री बोथट टोकाची हवी. मण्यांना बोटे कमीत कमी लागावीत, वरची लव पुसली गेली की डाग राहतो.

घट्ट घडात काय होते? आतल्या मण्यांना फुगायला जागा नसते, ते एकमेकांना दाबून फुटतात. एक फुटला की रस शेजाऱ्यांवर उतरतो आणि सड पसरते. फवारा आत पोहोचत नाही, म्हणून भुरी आणि पिठ्या ढेकूण तिथेच घर करतात. बाहेरून सुंदर दिसणारा घड पॅकहाऊसमध्ये उघडला की मग हे दिसते.

जीए वापरून विरळणी होते ना? मग हात कशाला?

जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल, हे वाढीचे संजीवक. ते फुलोऱ्याआधी दिले तर घडाचा देठ लांबतो आणि पाकळ्या मोकळ्या होतात. फुलोऱ्यात दिले तर काही फुले गळतात. पण कोणती गळावीत हे ते ठरवत नाही. हाताचे काम त्याने निम्म्यावर येते, संपत नाही.

मोजमापातल्या चुका फार होतात. १० पीपीएम म्हणजे १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम शुद्ध जीए. पुडीवर ९० टक्के लिहिले असेल तर १.११ ग्रॅम लागेल. भुकटी पाण्यात थेट विरघळत नाही, आधी थोड्या ॲसिटोन किंवा अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात ओतावी. पाण्याचा सामू (पीएच) ५.५ ते ६.५ च्या दरम्यान आणावा. बोअरचे क्षारयुक्त पाणी तसेच वापरले की परिणाम कमी होतो आणि मग माणूस मात्रा वाढवतो.

जास्त मात्रेने देठ जाड, लाकडासारखे कडक होतात. मणी देठाला नीट धरत नाहीत आणि पेटीत गळतात. बागेत सगळे घड एकदम फुलत नाहीत, त्यामुळे एकाच दिवशी सरसकट फवारल्यास काही घड विरळ होतात आणि काही तसेच घट्ट राहतात. थॉम्पसनची मात्रा रंगीत वाणाला लावणे तर टाळावेच, रंग येत नाही.

डाळिंब आणि पेरूमध्ये किती फळे ठेवायची?

पूर्ण वाढलेल्या डाळिंबाला ६० ते ८०. फळ सुपारीएवढे ते लिंबाएवढे असताना झुपक्यातले एक ठेवून बाकी काढावीत. दोन फळे एकमेकांना टेकलेली राहिली तर त्या फटीत सुरसा अळी आणि पिठ्या ढेकूण लपतात, आणि तिथे साचलेल्या ओलीवर तेल्या या जिवाणूजन्य रोगाचे डाग पडतात. फांदीच्या टोकाकडची फळे आधी काढा. ती जड होऊन फांदी वाकवतात आणि ऊन लागून चट्टे पडतात. घंटेच्या आकाराची नर फुले खुडत बसू नये, ती आपोआप गळतात. पात्राच्या आकाराचे, बुडाशी फुगीर फूलच फळ धरते.

काढलेली फळे झाडाखाली ठेवू नयेत, विशेषतः तेल्याची. कात्री झाडागणिक निर्जंतुक करावी.

पेरूत एका फुटीवर एक फळ. फोम जाळी आणि पिशवी घालायच्या आधी विरळणी उरकावी, नाही तर पिशव्यांचा खर्च टाकाऊ फळांवर होतो.

केळीची पिले आणि फण्या?

पिले जमिनीलगत कापत राहावे, खोडव्यासाठी एकच राखावे, तेही मुख्य झाडाची निसवण झाल्यावर, म्हणजे घड बाहेर पडल्यावर. घडात आठ-नऊ फण्या ठेवून खालच्या बारीक फण्या आणि केळफूल काढावे.

सागाची पहिली विरळणी कितव्या वर्षी?

२ × २ मीटरवर लावला असेल तर पाचव्या-सहाव्या वर्षी. वर्षापेक्षा झाडाकडे पाहावे. शेजारच्या झाडांचे शेंडे एकमेकांना भिडले आणि खालच्या फांद्या वाळू लागल्या की वेळ झाली. हिरवा शेंडा एकूण उंचीच्या तिसऱ्या हिश्शावर येईपर्यंत थांबलात तर उशीर झाला.

पहिली फेरी यांत्रिक असते. एकाआड एक तिरप्या ओळी काढतात. हेक्टरी २,५०० पैकी १,२५० उरतात आणि अंतर २.८३ मीटर होते. दहाव्या वर्षाच्या सुमारास तसेच पुन्हा केले की ४ × ४ मीटर आणि ६२५ झाडे. त्यापुढच्या फेऱ्या दर आठ-बारा वर्षांनी, झाड पाहून. यांत्रिक पद्धतीतही ओळीत राहणारे झाड वाकडे आणि जाणारे सरळ असेल तर अदलाबदल करावी, ओळीची पूजा करू नये.

सागाची लागवड करून विरळणी करत वाढवण्याची परंपरा मलबारातल्या निलांबूरपर्यंत मागे जाते. तिथे १८४० च्या दशकात कलेक्टर कॉनोली आणि चातू मेनन यांनी साग लावला, त्यातली काही झाडे अजून उभी आहेत. आपल्याकडे १९७४ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र वन विकास महामंडळ विदर्भातल्या सागवनांत हेच काम करते.

कोणते झाड काढायचे हे कसे ठरवावे?

पान असताना ठरवावे, पानगळीनंतर तोडावे. पावसाळा संपल्यावर शेंड्यांची दाटी स्पष्ट दिसते, म्हणून तेव्हा छातीच्या उंचीवर (१.३७ मीटर) रंगाचा पट्टा मारून ठेवायचा. घेरही तिथेच मोजतात.

दोघांनी चालावे, एकाने वर बघावे आणि दुसऱ्याने खोड. आधी मेलेले, किडलेले, शेंडा मोडलेले. मग दुबेळके (दोन खोडांत फाटलेले) आणि वाकडे. मग पूर्ण सावलीत घुसमटलेले. यानंतरही दाटी असेल तर दोन चांगल्यांपैकी एक, आणि हा निर्णयच अवघड असतो. ‘हे जाऊ दे, अजून वाढेल’ असे दबलेल्या झाडाबद्दल वाटते. साग उन्हाचे झाड आहे, एकदा मागे पडलेला साग उजेड मिळाल्यावरही क्वचितच भरून निघतो.

सगळ्यांत महागात पडणारी चूक याच्या उलट आहे. जाड झाडे विकून पैसे करायचे आणि बारीक ‘पुढच्यासाठी’ ठेवायची. त्याने रानातली उत्तम झाडे जातात, दुबळी उरतात आणि पुढची वीस वर्षे तीच पोसावी लागतात.

बारा-पंधरा वर्षे हात लावलेला नाही. आता एकदम निम्मी काढू का?

नको. १४ मीटर उंच आणि १२ सेंमी जाड अशी झाडे एकमेकांच्या आधाराने उभी असतात. एकदम मोकळी केली तर पहिल्याच वादळी पावसात कमानीसारखी वाकतात. खोडावर अचानक ऊन पडले की बुडापासून फुटी येतात आणि लाकडाला गाठी पडतात. खाली घाणेरी आणि रानमोडी माजते, उन्हाळ्यात तिलाच वणवा लागतो. २५ ते ३० टक्के आता काढा, दोन-तीन वर्षांनी पुन्हा तेवढी. पश्चिमेकडच्या वाऱ्याच्या कडेची दोन ओळी दाटच राहू द्या.

तोडलेल्या बुंध्याला फुटवे येतात, त्यांचे काय?

साग बुंध्यातून जोमाने फुटतो. बुंधा १५ सेंमीपेक्षा उंच ठेवू नये, फुटवे पहिल्या दोन पावसाळ्यांत मोडून टाकावेत. संपूर्ण तोड झालेल्या रानात उलट करायचे असते, तिथे बुंध्यालगतचा एक सरळ फुटवा ठेवून बाकी काढतात. निलगिरीत लगदा-लाकडासाठी दोन ठेवतात.

आपल्या शेतातला साग तोडायलाही परवानगी लागते?

लागते. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग आहे आणि विरळणीसाठी वेगळी सूट गृहीत धरू नये. लागवडीच्या वर्षीच सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घ्यावी, ती नसेल तर अर्ज मालकीपाशीच अडतो. पट्टे मारलेल्या झाडांना क्रमांक द्यावेत, घेरासह यादी करावी आणि वन परिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्यावा. माल हलवायला वाहतूक परवाना वेगळा लागतो. तोडायचा हंगाम पुढे असेल तर अर्ज पावसाळ्यातच करा.

पहिल्या विरळणीतून पैसे मिळतात का?

फार नाही. पाच-सहा वर्षांच्या सागात पक्के लाकूड नगण्य असते. पांढऱ्या लाकडाला वाळवी लागते. कुंपणाचे खांब, गोठ्याचे वासे, मांडवाच्या बल्ल्या, सरपण एवढाच उपयोग. रोपवाटिकेच्या जाहिरातीत दाखवतात तो हिशोब या फेरीत शोधू नये.

बांबूच्या बेटाची विरळणी कशी करायची?

बांबूत जुने काढायचे आणि तरुण ठेवायचे. एक आणि दोन वर्षांच्या काठ्यांना हात लावू नये, नवे कोंब त्यांच्याच जोरावर येतात. तीन वर्षांवरच्या काढाव्यात, तरी बेटात सहा-आठ जुन्या काठ्या आधाराला राहू द्याव्यात. वय ओळखायला पहिल्या वर्षीच काठीवर रंगाने साल लिहावे. तसे केले नसेल तर पेरांवरची वाळकी वेष्टने अजून चिकटलेली आणि हिरवेपणा ताजा असेल तर काठी नवी, खोडावर पांढुरके-करडे डाग आणि ठोकल्यावर टणक आवाज असेल तर जुनी.

तोड ऑक्टोबर ते फेब्रुवारीत करावी. पावसाळ्यात कोंब येत असताना आत शिरू नये, पायाखाली एक कोंब मोडला की एक काठी गेली. जमिनीपासून पहिल्या किंवा दुसऱ्या पेराच्या अगदी वर, साधारण १५ ते ३० सेंमीवर काप घ्यावा. पेराच्या वर पेला राहिला की त्यात पाणी साचून बुड कुजते.

सोपे म्हणून बाहेरच्या काठ्या तोडत गेले की मधला गाभा जुन्या काठ्यांनी जाम होतो. मग आत विळाही जात नाही. असे बेट उघडायचे असेल तर एका बाजूने वाट पाडून आत जावे आणि घोड्याच्या नालेसारखा आकार ठेवत मधले काढावे. नालेचे तोंड उताराच्या वरच्या बाजूला ठेवले तर काठ्या ओढायला सोपे जाते. नव्या कोंबांची बाजू तोडू नये. खासगी जमिनीवरच्या बांबूला २०१७ च्या दुरुस्तीनंतर भारतीय वन अधिनियमात झाड धरले जात नाही, त्यामुळे सागाइतकी कागदपत्रे इथे करावी लागत नाहीत. तोड संपल्यावर बेटाच्या बुडाशी मातीची भर द्यावी, उघड्या पडलेल्या गड्ड्यांतून आलेले कोंब बारीक निघतात.